संगणकाची आकडेमोड : जावास्क्रिप्टमधील संख्यांची ओळख

घरपट्टीची पावती असो वा शाळेची हजेरी, आज अनेक ठिकाणी आकडे संगणकाच्या पडद्यावरील रकान्यांत भरले जातात. वेबपृष्ठावरील अशा रकान्यांमागे बहुधा जावास्क्रिप्ट ही भाषा काम करीत असते. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केली. यंत्राचा हिशेब चुकत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु आकडा यंत्राच्या हाती कोणत्या रूपात पडतो, यावर उत्तर अवलंबून असते. म्हणून या भाषेतील संख्यांचे स्वरूप समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अक्षर की अंक?

रकान्यात भरलेला आकडा प्रथम मजकूर म्हणूनच संगणकाकडे येतो. घरपट्टी ३५० आणि पाणीपट्टी १२० अशी नोंद करून त्यांमध्ये अधिक चिन्ह दिले, तर ४७० ऐवजी ३५०१२० असे उत्तर येते. कारण दोन मजकूर एकापुढे एक जोडले जातात. वजाबाकी मात्र बरोबर येते. त्यामुळे दोष लवकर ध्यानात येत नाही. यावर उपाय म्हणजे ‘नंबर’ या आज्ञेने मजकुराचे आधी संख्येत रूपांतर करणे.

येथेही सावधगिरी हवी. ‘१२,५००’ असा स्वल्पविराम असलेला मजकूर ‘नंबर’ नाकारते आणि ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’, असे उत्तर देते. ‘पार्सइंट’ ही आज्ञा मात्र स्वल्पविरामाशी थांबून केवळ १२ घेते! देवनागरी अंक या दोन्ही आज्ञांना कळत नाहीत. अशी एक नोंद बेरजेत शिरली, की संपूर्ण बेरीज ‘नॅन’ होते. रिकामा रकाना ‘नंबर’ शून्य मानते. म्हणजे माहिती न भरणे आणि शून्य भरणे यांतील भेदच नाहीसा होतो.

दशांशाचा प्रश्न

या भाषेतील नेहमीची संख्या ६४ द्विमान अंकांत साठवली जाते. एक-तृतीयांश दशांशात लिहू लागल्यास ०.३३३... असे कधी संपत नाही. तसाच एक-दशांश द्विमान पद्धतीत संपत नाही. परिणामी ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. म्हणून पैशांचा हिशेब रुपयांच्या दशांशात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवावा. तसे करतानाही ४.३५ ला १०० ने गुणल्यास गुणाकार ४३५ हून किंचित कमी येतो. अपूर्णांक नुसता छाटला तर एक पैसा जातो. त्यासाठी ‘मॅथ राउंड’ या आज्ञेने जवळची पूर्ण संख्या घ्यावी.

मोठ्या संख्यांची मर्यादा

९००७१९९२५४७४०९९१ ही अचूकतेची वरची मर्यादा होय. तिच्यापुढील सर्व पूर्णांक वेगवेगळे राहत नाहीत. त्यांच्यासाठी २०२० पासून ‘बिगइंट’ हा प्रकार भाषेच्या प्रमाणात समाविष्ट झाला आहे. बँक खाते क्रमांक मात्र मजकूर म्हणूनच ठेवावा. त्याची बेरीज करायची नसते, आणि संख्या केल्यास आरंभीचे शून्य गळून पडते.

मराठी अंकांत मांडणी

हिशेब झाल्यावर तो दाखवताना मराठीची सोय या भाषेत आहे. ‘इंटल नंबरफॉरमॅट’ या सुविधेस मराठी व भारत असा संकेत दिला, की १२३४५६७ ही संख्या लाखांच्या पद्धतीने १२,३४,५६७ अशी देवनागरीत उमटते. हे रूप केवळ वाचण्यासाठी असते. हिशेबासाठी मूळ संख्याच जपावी.

नवी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी कार्यालयाने काही नोंदी स्वतः भरून पाहाव्यात : स्वल्पविरामासह रक्कम, देवनागरी अंक, रिकामा रकाना, पैशांसह रक्कम आणि शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक. प्रत्येकाचे उत्तर कागदावरील हिशेबाशी ताडून पाहावे. यास फार वेळ लागत नाही. परंतु एखाद्या खातेदाराच्या नावे चुकीची थकबाकी लागणे त्यामुळे टळू शकते.