कुमारवय : लाभ आणि हानी

बालपण सरले आणि प्रौढपण अद्याप आले नाही, अशा मधल्या काळास कुमारवय म्हणतात. साधारणतः तेराव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंतचा हा काळ होय. या वयाचे लाभ कोणते आणि हानी कोणती, याचा विचार मुलांनी व पालकांनी एकत्र बसून करणे इष्ट आहे.

पहिला लाभ ग्रहणशक्तीचा. या वयात पाठांतर लवकर होते. नवी भाषा किंवा नवी कला सहज अंगवळणी पडते. आपल्या सुरतेत उधना, लिंबायत या भागांतील मराठी मुले घरी मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी बोलतात. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा परंपरेनुसार त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते.

दुसरा लाभ निर्भयतेचा. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नंदुरबार लागते. तेथील शिरीषकुमार मेहता हा गुजरातीभाषी घरातील विद्यार्थी. दि. ९ सप्टेंबर १९४२ रोजी हाती तिरंगा घेऊन मिरवणुकीत निघाला असता पोलिसांच्या गोळीबारात तो हुतात्मा झाला. त्याच्यासह पाच जणांनी त्या दिवशी प्राण वेचले. शिरीषकुमारास सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

आता हानी पाहू. परिणामांचा हिशेब न करणे हा जो गुण शूराच्या अंगी शोभतो, तोच विवेकावाचून अविचार ठरतो. मेंदूचा विवेक करणारा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण परिपक्व होतो, असे आजचे शास्त्र सांगते. म्हणूनच या वयात संगत, व्यसन आणि खोटा अभिमान यांचा पगडा लवकर बसतो. दुसरी हानी अशी की, घरात ‘तू आता मोठा झालास’ आणि ‘तू अजून लहान आहेस’ ही दोन्ही वाक्ये एकाच दिवशी ऐकावी लागतात. त्यामुळे मन एकाकी होते, आणि एकाकी मन लपवू लागते.

मी स्वतः सोळा वर्षांचा असताना अभ्यासाच्या नावाखाली मित्रांसह तापीकाठी वेळ दवडीत असे. गणितात नापास झालो तेव्हा गुणपत्रिका घरच्या देव्हाऱ्यात तसबिरीमागे दडवली. आमचे घर पुजाऱ्याचे. दुसऱ्याच दिवशी पूजेच्या वेळी ती वडिलांच्या हाती आली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “जे देवापुढे ठेवायचे, ते मागे का ठेवलेस?” मला उत्तर देता आले नाही. परंतु त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळची आरती आटोपली की माझ्याजवळ येऊन बसू लागले. गणित त्यांना येत नव्हते. ते केवळ बसत. पुढील वर्षी मी उत्तीर्ण झालो.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. या वयाचे लाभ आणि हानी एकाच शक्तीतून उपजतात. पाण्याला काठ असेल तर शेत भिजते, नसेल तर पूर येतो. तापीकाठच्या आपणांस हे निराळे सांगणे नको. सोळा वर्षांच्या मुलाशी मित्राप्रमाणे वागावे, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. तेव्हा पालकांनी काठ व्हावे, बांध होऊ नये. आणि मुलांनी आपली चूक तसबिरीमागे न दडवता पुढे ठेवावी.