कमी दिवसांचं बाळ, मेंदूतला रक्तस्राव आणि आईचं दूध

‘बाळ सातव्या महिन्यात झालं, पेटीत आहे. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूत रक्तस्राव दिसतो. आईचं दूध नाकात घातलं तर मेंदू सुधारतो म्हणे, घालू का?’ असा प्रश्न पालक विचारतात. माझं उत्तर स्पष्ट आहे: स्वतःहून मुळीच घालू नका. पण ही अफवाही नाही, म्हणून नीट समजून घ्या.

32 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्यांलगतच्या रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात. पहिल्या तीन दिवसांत त्या फुटण्याचा धोका सर्वांत जास्त. रक्तस्राव मोठा असेल तर मेंदूला इजा होते, पोकळ्यांत पाणी साचतं, पुढे हालचाली आणि शिकणं मागे पडू शकतं.

आईच्या ताज्या दुधात वाढीला चालना देणारे घटक आणि जिवंत पेशी असतात. त्यांत काही मूळपेशीही, म्हणजे स्टेम सेल, असतात. गंधाच्या नसा नाकाच्या छतातून थेट मेंदूकडे जातात. दुधातले घटक त्या वाटेने पोचावेत, ही कल्पना. जर्मनीत कोलोनच्या डॉक्टरांनी मोठा रक्तस्राव झालेल्या 31 बाळांची माहिती 2019 मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या 16 बाळांच्या नाकात आईच्या ताज्या दुधाचे थेंब किमान 28 दिवस दिले होते. या बाळांच्या मेंदूत पुढे इजेने पडलेल्या मोठ्या पोकळ्या बाकीच्यांपेक्षा कमी दिसल्या. परंतु इतक्या थोड्या बाळांवरून उपचार सिद्ध होत नाही.

घरी किंवा वॉर्डात गुपचूप घातलेला थेंब बाळाच्या श्वासनलिकेत जाऊ शकतो, जंतूही नेऊ शकतो. नाकात तेल घालण्याची जुनी सवयही याच कारणाने सोडा.

मग आईने काय करावं? प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या सहा तासांतच, हाताने किंवा पंपाने दूध काढायला लागा. रात्र धरून दिवसातून आठ-दहा वेळा काढा. सुरुवातीचा चीक चमचाभरही नसेल, तरी तो टाकू नका. नळीवाटे पोटात गेलेलं हे दूध आतड्याच्या जीवघेण्या आजारापासून आणि जंतुसंसर्गापासून बाळाला जपतं, हे सिद्ध झालेलं आहे. दूध पुरत नसेल तर दूधपेढीबद्दल विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 पासून अशी पेढी आहे. पेढीतलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात. त्यात जिवंत पेशी उरत नाहीत, पण आतड्याच्या त्या आजारापासून बाळाला जपायला ते पावडरीच्या दुधापेक्षा चांगलं. डॉक्टरांनी सांगितल्यावर बाळाला उघड्या छातीशी धरा. वडील आणि आजीनेही धरावं.

घरी सोडल्यावर तपासण्या चुकवू नका: डोळे, कान, डोक्याचा घेर, हातापायांची हालचाल. अनेक जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत हे काम होतं. दोष लवकर सापडला तर व्यायाम आणि उपचार वेळेत सुरू होतात, आणि रक्तस्राव झालेल्या बाळाला त्यांचाच खरा आधार मिळतो.