हिंग आणि मेतकूट घरीच ठेवा

प्रश्न : आम्ही खिदिरपूरला राहतो. मुलीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-जव चालत नाहीत, दूधही वर्ज्य. आझाद हिंद एक्स्प्रेसने पुण्याला जाताना डब्यात काय द्यावं?

उत्तर : कोलकात्यात सत्तू सहज मिळतो, तोच न्या. 100 ग्रॅममध्ये साधारण 20 ग्रॅम प्रथिनं. मात्र निव्वळ हरभऱ्याचा घ्या. काही सत्तूत जव मिसळतात, ते तिला बाधतील. पीठ कोरडंच ठेवा. गाडीत बाटलीत पाणी, लिंबू, मीठ, जिरेपूड घालून खळखळून हलवा, गुठळी राहत नाही.

मुगाची धिरडी पहिल्या जेवणापुरतीच. तवा पोळ्यांचा नको, आणि हिंग अजिबात नको: बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. मेतकुटातही गहू असतोच. दुसऱ्या दिवसासाठी दाण्याचे लाडू द्या.