तापलेली बॅरल आणि सरकलेला नेम : उष्णतेच्या धड्यातला एक राहून गेलेला भाग

अकरावीच्या भौतिकशास्त्रात 'उष्णतेने होणारे प्रसरण' शिकताना आपण रुळांचं उदाहरण हमखास घेतो. मुलुंड ते घाटकोपर रोज लोकलने येणाऱ्यांना ते पटकन कळतं. पोलादाचा रेषीय प्रसरणांक साधारण 0.000012 प्रति अंश सेल्सिअस. म्हणजे 13 मीटरचा रूळ 30 अंशांनी तापला की जवळजवळ 5 मिलीमीटरने लांबतो. गणित सुटतं, मार्क मिळतात, आपण पुढच्या धड्याला लागतो.

पण एनसीसीची मुलं फायरिंगहून परत आली की त्यांचा एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. "सर, पहिल्या गोळ्या बरोबर बसल्या, नंतर नेम एका बाजूला जायला लागला. बॅरल तापली म्हणून का?" उत्तर 'हो' असू शकतं आणि 'नाही'ही असू शकतं. कोणतं ते ठरवायला रुळाचं गणित पुरत नाही, त्याच्या एक पायरी पुढे जावं लागतं. आज तेच करू.

आधी हे स्पष्ट करू की बॅरल किती तापते. अनेक क्लबांत दिसणारी 10 मीटरची एअर रायफल यात मोडतच नाही. तिथे दाबलेली हवा गोळी ढकलते, काही जळत नाही. एनसीसीच्या पॉइंट टू-टू रायफलमध्ये मात्र दारू जळते, पण किती? एका काडतुसात ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी. त्यातून ढोबळपणे 300 ज्यूल ऊर्जा मिळते. 2.6 ग्रॅमची गोळी सेकंदाला 330 मीटर वेगाने निघते असं धरा, ½mv² करा, 140 ज्यूलच्या आसपास येतं. उरलेल्यातला काही भाग गरम वायूबरोबर तोंडातून बाहेर जातो आणि समजा 100 ज्यूल बॅरलमध्ये मुरतात. बॅरल 2 किलो पोलादाची, विशिष्ट उष्मा 460. म्हणजे एका गोळीमागे तापमान वाढतं अंशाच्या दहाव्या भागाने! पाच गोळ्यांनी अर्धा अंश. तेव्हा पाच गोळ्यांचं ग्रुपिंग करून "बॅरल तापली" म्हणणाऱ्या कॅडेटला मी तरी ती सबब देणार नाही.

इन्सास रायफलचं गणित वेगळं. तिच्या 5.56 मिलीमीटरच्या काडतुसात दीड ग्रॅमहून जास्त दारू असते आणि बॅरल हलकी असते. एका गोळीला 3-4 अंश वाढ होते असा अंदाज निघतो. 20 गोळ्यांचं अख्खं मॅगझीन भरभर रिकामं केलं तर 60 ते 80 अंशांची भर. हात लावला तर चटका बसेल. लाइट मशीनगनबरोबर जादा बॅरल का देतात, आणि जुन्या व्हिकर्स मशीनगनच्या बॅरलभोवती सुमारे 4 लिटर पाण्याचं वेष्टन का असायचं, हे यावरून कळेल.

आता मुख्य मुद्दा. बॅरल तापली म्हणजे नेम चुकलाच, असं नसतं. समजा 600 मिलीमीटर लांबीची बॅरल सगळीकडून सारखी 50 अंशांनी तापली. ती 0.36 मिलीमीटरने लांबेल. आतलं 5.6 मिलीमीटरचं छिद्र हजारांश मिलीमीटरच्या हिशोबात, म्हणजे तीन-साडेतीन हजारांशाने, मोठं होईल. (छिद्र लहान होतं असं उत्तर वर्गात निम्मे जण देतात. पोलाद पसरतं तेव्हा छिद्रही पसरतं, हे पुन्हा एकदा वहीत लिहून ठेवा.) पण बॅरलची दिशा? ती होती तीच. सरळ काठी सारखी तापली तर लांब होते, वाकडी होत नाही.

वाकडी होते ती असमान तापल्यावर. इस्त्रीतली द्विधातू पट्टी आठवा. एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, आणि पट्टी कमी पसरणाऱ्या धातूकडे वळते. बॅरल एकाच धातूची असली तरी तिची डावी बाजू उजवीपेक्षा गरम असेल तर तेच घडतं. एकच अंशाचा फरक धरून गणित मांडू. डावी बाजू 600 × 0.000012 म्हणजे 0.0072 मिलीमीटरने जास्त लांबली. बॅरलची जाडी 20 मिलीमीटर. 0.0072 भागिले 20, म्हणजे 0.00036 रेडियन. इतक्या कोनाने बॅरलचं तोंड उजवीकडे वळलं. डोळ्याला काही दिसणार नाही. पण 50 मीटरवर, म्हणजे 50,000 मिलीमीटरवर, हा कोन होतो 18 मिलीमीटर.

आणि 50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ केवढं? व्यास 10.4 मिलीमीटर. पुढचं प्रत्येक वर्तुळ 8 मिलीमीटरने बाहेर. एका अंशाच्या फरकाने दहाची गोळी आठाच्या भागात!

इथे एक बारकावा आहे, हुशार विद्यार्थ्यांनी तो जरूर पाहावा. हे 18 मिलीमीटर केव्हा? दुर्बीण बॅरलच्या मागे, रायफलच्या मुख्य भागावर बसवलेली असेल तेव्हा. आपल्या रायफलीची पुढची साईट बॅरलच्या तोंडाशी असते. बॅरल उजवीकडे वाकली की साईटही तिच्याबरोबर सुमारे 0.1 मिलीमीटर उजवीकडे सरकते. आपण दोन्ही साईट एका रेषेत आणायला रायफल नकळत थोडी डावीकडे वळवतो, आणि चुकीचा साधारण एक तृतीयांश भाग आपोआप भरून निघतो. उरतात 12 मिलीमीटर. साधी साईट दुर्बिणीपेक्षा 'हुशार' ठरते अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

आता हा एका बाजूचा फरक येतो कुठून? गोळीची उष्णता आतून येते, ती चहूबाजूंना बरीचशी सारखी पसरते. पण सकाळच्या रेंजवर ऊन एकाच बाजूने पडतं. पोलाद उष्णता चांगली वाहून नेतं, त्यामुळे 20 मिलीमीटर जाडीत उन्हाने फार तर अंशाच्या पाचव्या भागाइतका फरक टिकतो. आपल्या हिशोबाने अडीच मिलीमीटरच्या आसपास. दुसरं कारण लाकडाचं. बॅरल एका बाजूने दस्त्याला टेकत असेल तर तापून लांबताना ती मोकळी पसरत नाही, टेकलेल्या जागी दाब बदलतो. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा हा त्रास वाढतो. म्हणून स्पर्धेच्या रायफलीत बॅरल पुढे पूर्ण मोकळी ठेवतात, बॅरल आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे. तिसरं कारण बॅरलच्या पोटातलं. घडवताना किंवा सरळ करताना पोलादात ताण अडकून राहिला असेल तर तापल्यावर ती दर वेळी एकाच दिशेला वळते. आणि चौथी गोष्ट बॅरलची नव्हेच. तापलेल्या बॅरलवरून गरम हवा वर चढते आणि टार्गेट लहरताना दिसतं, उन्हात डांबरी रस्ता दिसतो तसं. नळी सरळ, नजर मात्र फसलेली. यावर उपाय म्हणून नेमबाज बॅरलवर लांब पट्टा ताणून बसवतात, म्हणजे गरम हवा दृष्टीच्या रेषेत न येता बाजूने निघून जाते.

हाच प्रश्न रणगाड्यात राक्षसी होतो. समजा तोफेची नळी 6 मीटर लांब आणि सरासरी 20 सेंटिमीटर जाड आहे. लांबी भागिले जाडी पुन्हा 30 च, म्हणजे अंशामागे कोन तोच, 0.00036. पण लक्ष्य 50 मीटरवर नसून 2 किलोमीटरवर. एका अंशाला 72 सेंटिमीटर! शिवाय जाड पोलादात या बाजूची उष्णता त्या बाजूला पोचायला वेळ लागतो, त्यामुळे फरक एका अंशावर थांबत नाही. वरून ऊन, एका बाजूने वारा, मध्येच पावसाची सर. म्हणून अर्जुन किंवा टी-90 रणगाड्याच्या तोफेवर उष्णतारोधक वेष्टन असतं. काही रणगाड्यांत तोफेच्या तोंडाशी छोटा आरसाही असतो, त्यातून नळी किती वाकली ते आतल्या तोफचीला मोजता येतं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सहल गेली तर दुसऱ्या महायुद्धातल्या उघड्या नळ्या नीट पाहून या.

आता नेम दुरुस्त करण्याकडे येऊ, कारण मुलं गडबड करतात ती इथे. गोळी उजवीकडे गेली की लगेच साईटचा स्क्रू डावीकडे. पुढची डावीकडे गेली की पुन्हा उजवीकडे. समजा एखाद्याच्या गोळ्या हाताच्या आणि श्वासाच्या हालचालीमुळे मध्यापासून 6 मिलीमीटर प्रमाण विचलनाने विखुरतात. प्रत्येक गोळीनंतर त्याने पूर्ण दुरुस्ती केली तर त्या गोळीची चूक पुढच्या गोळीच्या चुकीत मिळते. प्रचरण दुप्पट होतं, आणि विचलन √2 पट, म्हणजे साडेआठ मिलीमीटर. काहीच न करणारा मुलगा याच्यापेक्षा चांगलं ग्रुपिंग देईल.

म्हणून दुरुस्ती गोळीची करायची नाही, ग्रुपच्या मध्याची करायची. एनसीसीत ज्याला एमपीआय म्हणतात तो हाच मध्य. पण पाच गोळ्यांचा मध्यसुद्धा 6 भागिले √5, म्हणजे 2.7 मिलीमीटरने इकडेतिकडे होऊ शकतो. उन्हाने झालेली सरक अडीच मिलीमीटर! म्हणजे पाच गोळ्यांवरून ती ओळखताच येणार नाही. दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप घ्या, प्रत्येक छिद्राला क्रमांक द्या. क्रमांक वाढतील तसा मध्य एकाच दिशेने सरकत असेल तर उष्णतेवर संशय घ्यायला जागा आहे. मग रायफल सावलीत थंड होऊ द्या आणि पुन्हा मारा. मध्य मूळ जागी परतला तर दोषी उष्णताच. परतला नाही तर साईटचा स्क्रू ढिला आहे का, पट्टा सैल झालाय का, कोपर सरकलंय का, ते बघा. आणि तापलेल्या बॅरलसाठी केलेली दुरुस्ती थंड बॅरलवर परत काढावी लागते, हे विसरलं की दुसऱ्या दिवशीची पहिली गोळी हमखास बाहेर.

मोठे नेमबाज हे कसं सांभाळतात? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेले स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवलं. या प्रकाराच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने अशा मिळून 60 गोळ्या दीड तासात मारायच्या असतात, म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एक. त्याआधी 15 मिनिटं तयारीची आणि सरावाच्या गोळ्यांची. त्या गोळ्यांना गुण नसतात. पण बॅरल आणि साईट त्या दिवसाच्या हवेशी जुळवून घ्यायची ती याच वेळात. अंतिम फेरीत तर गुण दशांशात मोजतात, 0.8 मिलीमीटर सरकलं की 0.1 गुण गेला. आपले अडीच मिलीमीटर म्हणजे 0.3 गुण, तेही प्रत्येक गोळीला.

आता तुमच्यासाठी काम. बॅरलची जाडी 20 ऐवजी 25 मिलीमीटर केली आणि दोन बाजूंमधला तापमानाचा फरक एक अंशच राहिला, तर दुर्बिणीच्या रायफलीत 50 मीटरवरची सरक किती होईल? आणि सकाळी आठ वाजता तुम्ही उत्तरेकडे तोंड करून गोळ्या मारताय, ऊन उजवीकडून येतंय, तर मध्य कुठल्या बाजूला सरकेल आणि साईटने नेम कुठल्या बाजूला न्यायचा? उत्तरं आकृतीसह वहीत लिहा, शनिवारच्या तासाला तपासू.