पाकीट एकदाच, तेही निघण्याआधी

मे महिन्यात कळव्यातली निम्मी बिल्डिंग कोकणात असते. आधी गाव, आजी-आजोबा, देवदर्शन. मग जमलं तर दोन दिवस मालवण-तारकर्ली. कोकणकन्या कळव्याला थांबत नाही, म्हणून बॅगा घेऊन ठाणे स्टेशन गाठायचं, रात्रभराचा प्रवास करून सकाळी कुडाळला उतरायचं. तिकिटं, राहायची सोय, स्कूबाचं बुकिंग, रिक्षाभाडं, सगळ्याचा हिशेब आपण महिना-महिना आधी मांडतो. घरातल्या चौदा वर्षांच्या लेकीच्या किंवा सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात स्वतःचे म्हणून किती पैसे असतील, हे मात्र त्या हिशेबात कुठेच नसतं. ते ठरतं थेट किनाऱ्यावर, चार लोकांसमोर. "आई, शंभर दे ना." "आत्ता तर सरबत झालं." "सगळे घेतायत." "सगळे विहिरीत उडी मारतील, तू पण मारशील?" शेवटी शंभर दिलेच जातात, पण मुलाचा चेहरा पडलेला आणि आपलं डोकं तापलेलं.

पालकहो, हे टाळता येतं. निघण्याआधी एक ठरलेली रक्कम पाकिटात घालून मुलाच्या हाती द्या. एकदाच द्या. ते पैसे आता त्याचे आहेत, असं मनापासून माना. आणि परत घरी येईपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढू नका. यातली पहिली गोष्ट सोपी आहे, तिसरी फार कठीण.

रक्कम किती, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. पण त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे त्या रकमेत काय बसतं आणि काय बसत नाही. जेवण, नाश्ता, प्रवास, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायच्या होडीचं तिकीट, सगळ्यांनी मिळून करायच्या गोष्टी, हे आईवडिलांचं. औषधं, सॅनिटरी पॅड, तुटलेल्या चपलेच्या जागी नवी चप्पल, हेही आईवडिलांचंच. त्यासाठी मुलीला आपल्या पैशांत हात घालावा लागता कामा नये. शेजारच्या काकूंसाठी खाजा आणि कोकम आगळ घ्यायचं तेही घराच्या खर्चातून, कारण ती ओळख घराची आहे. वर्गातल्या मैत्रिणीसाठी शंखशिंपल्यांची कीचेन मात्र मुलीच्या पैशांतून. मधल्या वेळचं आइस्क्रीम, टोपी, गॉगल, कानातलं, सगळ्यांची एकदा झाल्यावर हवी असलेली दुसरी राइड, हे तिचं. ही रेघ घरीच, शांतपणे बसून आखावी. भांडणं बहुतेक पैसे कमी पडल्याने होत नाहीत. "मला वाटलं हे तुम्ही देणार" यावरून होतात.

आता आकडा. तो मुलालाच काढायला सांगा. समजा पाच दिवस आहेत. रोजच्या किरकोळ खाण्यापिण्याला शंभर धरले तर पाचशे झाले. एखादी मनाजोगती वस्तू घ्यायला तीनशे-चारशे. म्हणजे नऊशेच्या आसपास. तो म्हणेल दोन हजार. त्याला हाकलू नका, दोन हजार कशाचे ते विचारा. आणि त्याच वेळी सहलीचा सगळा कागद त्याच्यापुढे ठेवा: गाडीभाडं एवढं, राहणं एवढं, चौघांची जेवणं एवढी. आता रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिकीट काढायला बसाल, त्याच रात्री ही बैठक घ्या. पंधरा वर्षांच्या मुलाला चार माणसांच्या सहलीचा खरा आकडा कळला, तर तो स्वतःचा आकडा बऱ्याचदा आपणहून खाली आणतो. एवढंच करा की कागद दाखवताना "बाबा किती राबतात बघ" हे शेपूट जोडू नका. माहिती द्यायची आहे, ओझं नाही. हात आखडता असेल तर तेही सरळ सांगावं. "यंदा घराचा हप्ता वाढलाय, तुला तीनशेच देता येतील." तीनशे ठामपणे हातात आलेले बरे, "बघू, देऊ लागतील तसे" या वाक्यावर मूल काहीच ठरवू शकत नाही.

एक गोष्ट मला फार लागते, म्हणून जरा सविस्तर सांगते. कितीतरी घरांत मुलाच्या खिशात नोटा असतात आणि त्याच्याच वयाच्या बहिणीला सांगितलेलं असतं, "तुला काय लागेल ते माझ्याकडे माग." बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण भाऊ बर्फाचा गोळा खायला परस्पर जातो, आणि तिला प्रत्येक गोळ्यासाठी कारण द्यावं लागतं. कानातलं आवडलं तर आधी आईला दाखवायचं, आईला रंग पटला तर घ्यायचं. पुढे नोकरीला लागल्यावर पगार आपल्या खात्यात ठेवायला कचरणाऱ्या, नवऱ्याला विचारल्याशिवाय साडी न घेणाऱ्या बायका आपण आजूबाजूला पाहतो. त्याची सुरुवात अशाच सुट्ट्यांमध्ये होते, असं मला ठामपणे वाटतं. वय सारखं असेल तर दोघांची रक्कम सारखी असावी. वय वेगळं असेल तर मोठ्याला थोडी जास्त, आणि का जास्त हे धाकट्याला सांगून.

चुलत-मावस भावंडं एकत्र निघाली की खरी परीक्षा. थोरल्या काकांची मुलं पुण्याहून गाडी घेऊन आलेली, त्यांच्या खर्चाला मोजमाप नाही. आपल्या मुलाकडे नऊशे. पॅरासेलिंगच्या रांगेत त्याला गप्प उभं राहावं लागतं. अशा वेळी आपल्यालाच वाईट वाटून आपण पाकीट काढतो. त्याऐवजी निघण्याआधी जाऊबाईंना, नणंदेला एक फोन करा. "वन्सं, मुलांना वरखर्चाला किती द्यायचे ते आपण एकच ठरवू या का?" हे विचारण्यात कमीपणा काही नाही, उलट बऱ्याचदा पलीकडून सुटकेचा सुस्कारा ऐकू येतो. जमलंच नाही, तर मुलाला घरीच सांगून ठेवा की दादाकडे जास्त असतील, आपलं हे ठरलंय. आधी कळलेला फरक मुलं पचवतात. ऐन वेळी दिसलेला त्यांना बोचतो. काकांनी सगळ्यांना एकदा आइस्क्रीम खिलवलं तर ते आनंदानं खावं. रोज दादाकडून उसने घेणं मात्र नको, हे स्पष्ट बोलावं.

आणि गावाहून निघताना आजी हातावर ठेवते ते पैसे? दोनशेची घडी घातलेली नोट, "खाऊ घे हो" म्हणत मुठीत कोंबलेली. गाडीत बसताच आपण म्हणतो, "आण इकडे, हरवशील." आणि ती नोट पर्समध्ये गेली की गेलीच. पालकहो, ती घेऊ नका. पाकिटातूनही तेवढे वजा करू नका. ते आजीनं नातवंडाला दिलेलं आहे.

नोटा द्याव्यात की फोनवरून? पहिल्याच सहलीला मी नोटाच देईन, त्याही पन्नास-शंभरच्या. पाकीट पातळ होत जाताना डोळ्यांना दिसतं. स्क्रीनवर आकडा बदलतो तो इतका जाणवत नाही. शिवाय रेंज गेली तर किनाऱ्यावरच्या टपरीवर स्कॅनर असून उपयोग नसतो. मोठ्या मुलांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली यूपीआय सर्कलची सोय आहे. खातं तुमचंच राहतं आणि घरच्या माणसाला त्यातून ठरावीक मर्यादेत पैसे देता येतात. महिन्याला जास्तीत जास्त १५ हजारांची परवानगी आहे, पण तुम्ही तिथे हजारही टाकू शकता. यात एक धोका आहे. प्रत्येक खर्चाचा मेसेज तुमच्या फोनवर येतो. "चाळीस रुपये कुठे गेले रे?" असं तारकर्लीच्या वाळूत उभं राहून विचारलंत, तर पाकीट देऊनही न दिल्यासारखंच.

माझ्या भाचीनं मालवणच्या बाजारात पहिल्याच संध्याकाळी साडेतीनशेचा गॉगल घेतला. काच सरळ धरली तर समोरचा खांब वाकडा दिसायचा, इतका तो भिकार. माझी बहीण दोन दुकानं पुढे आंबापोळी निवडत होती. तिनं पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा आंबापोळीकडे वळली. दुसऱ्या दिवशी होडीतून उतरताना गॉगलची दांडी निखळली. भाची कोणाशी काही बोलली नाही. रात्री मात्र अंथरुणावर बसून तिनं उरलेल्या नोटा मोजल्या. तिसऱ्या दिवशी एका दुकानात लाकडी पेटी हातात घेऊन, बिजागरी उघडून-मिटून पाहून, भाव विचारून परत ठेवली, आणि पलीकडच्या दुकानातही विचारून आली. बहिणीनं पहिल्या दिवशीच "कशाला घेतलास हा" म्हटलं असतं, तर मुलीचं सगळं लक्ष गॉगल चांगलाच आहे हे सिद्ध करण्यात गेलं असतं.

पैसे तिसऱ्याच दिवशी संपले तर? भर घालू नये. टोमणाही मारू नये. मूल उपाशी राहत नाही, जेवण आपलंच आहे. एक-दोन दिवस सरबताविना जातील. पाकीट खरोखर हरवलं किंवा कोणी मारलं तर गोष्ट वेगळी, तो खर्च नव्हे. अशा वेळी मी निम्मी रक्कम पुन्हा देईन आणि विषय तिथेच संपवीन.

उरलेले पैसे परत मागू नका. उरले तर आईकडे जातात हे एकदा कळलं, की शेवटच्या दुपारी मूल ते कुठल्याही फालतू वस्तूवर उडवणार. त्यात त्याचं काही चुकत नाही. घरी आल्यावर हिशेबाची वहीही मागू नका. सांगितलं तर ऐका. आणि शिल्लक ठेवायला त्याच्या नावाचं खातं नसेल तर काढून द्या. रिझर्व्ह बँकेनं २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानं बँकांना मुभा दिली आहे की दहा वर्षांवरच्या मुलांना, त्यांची इच्छा असेल तर, बचत खातं स्वतः उघडू आणि चालवू द्यावं. मर्यादा बँक ठरवते. पोस्टातही दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावानं खातं काढता येतं. शाळा सुरू होण्याआधी एका सकाळी त्याला सोबत घेऊन जा, आणि पैसे भरायची स्लिप त्यालाच लिहू द्या.