हाताने शिकावयाची विद्या : संगणक हार्डवेअर, नेटवर्क आणि तांत्रिक साहाय्य

शाळेच्या स्मरणिकेसाठी संगणक-शिक्षणाविषयी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मला प्रथम आठवले ते संगणक कक्षाच्या दाराला असलेले कुलूप. मी या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो त्या वेळी कक्षात दहा संगणक होते. त्यांवर निळ्या प्लास्टिकची आवरणे घातलेली असत. मुले चपला बाहेर काढून आत येत आणि हात पाठीमागे बांधून उभी राहत. एका विद्यार्थ्याला मी म्हणालो, "ये, माउस धर." तो पुढे आला नाही. त्याने विचारले, "सर, बिघडला तर भरून द्यावा लागेल का?"

त्याचे आईवडील ऊसतोडणीला जात. त्याच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता, हिशेब होता. महागाच्या वस्तूला हात लावावयाचा नाही, ही शिकवण आपल्या अनेक घरांत लहानपणापासून मिळते. कारण नुकसान झाले तर ते भरून देण्याची ऐपत नसते. ज्या मुलाच्या मनात ही धास्ती आहे, त्याच्यापुढे फळ्यावर संगणकाची आकृती काढून भागत नाही. त्याच्या हाताला प्रथम परवानगी मिळाली पाहिजे. हार्डवेअर आणि नेटवर्कचे शिक्षण प्रत्यक्ष कामातूनच का द्यावयाचे, याचे माझ्यापुरते पहिले कारण हे आहे.

बंद संगणकापासून आरंभ

त्या दहा संगणकांपैकी चार बंद पडलेले होते. शिक्षणाचा आरंभ त्या चारांपासूनच झाला, कारण बंद यंत्र आणखी बिघडण्याची भीती कोणालाच नव्हती. एक संगणक टेबलावर आडवा ठेवला, वीजजोडणी काढली, बाजूचा पत्रा उघडला आणि चार-चार मुलांचे गट केले. प्रत्येक गटाने एकेक भाग काढावयाचा, तो कागदावर ठेवावयाचा, त्याखाली नाव लिहावयाचे आणि तो कोठे बसला होता त्याचे चित्र काढावयाचे. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस ही नावे पाठ करण्यात पूर्वी एक आठवडा जाई. ती आता एका दुपारी लक्षात राहिली. तोच संगणक संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडावयाचा, हा नियम होता. स्क्रू उरला तर काम अपूर्ण समजले जाई.

काही नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगितले आणि त्यांत कधीही सूट दिली नाही. वीजजोडणी काढल्यावाचून पत्रा उघडावयाचा नाही. भागाला हात लावण्यापूर्वी संगणकाच्या उघड्या धातूला स्पर्श करावयाचा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. आपल्याला न जाणवणाऱ्या तेवढ्या विजेनेही चिप निकामी होऊ शकते. एसएमपीएसची पेटी उघडावयाची नाही. घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज तयार करणारा हा भाग, प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज काही काळ शिल्लक राहू शकते. धाडस आणि निष्काळजीपणा यांतील फरक मुलांना येथेच समजतो.

दोष शोधण्याची शिस्त

चारांपैकी पहिला संगणक सुरू केला की नुसता 'बीप' वाजे आणि पडदा काळाच राही. मुलांनी लगेच निष्कर्ष काढला, "मॉनिटर गेला." मी म्हणालो, "मॉनिटर गेला हे कशावरून? सिद्ध करा." दुसरा मॉनिटर लावला, तरीही पडदा काळाच. मग रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने हलकेच पुसल्या, कण झटकले, पुन्हा नीट दाबून बसविली आणि संगणक सुरू झाला. कक्षात टाळ्या वाजल्या. परंतु टाळ्यांपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे वहीत लिहिलेल्या तीन ओळी : काय दिसले, काय करून पाहिले, काय निष्पन्न झाले.

एका वेळी एकच बदल करावयाचा, हा दुरुस्तीचा मूलमंत्र आहे. रॅम, केबल आणि हार्ड डिस्क एकाच वेळी बदलली आणि संगणक सुरू झाला, तर यंत्र दुरुस्त होते. पण दोष कोठे होता हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. एका संगणकावर इंटरनेट चालत नाही, अशी तक्रार होती. शेजारच्या संगणकावर तेच जाळे व्यवस्थित चालत होते. केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला. उपयोग झाला नाही. नववीतील एका मुलीचे लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेकडे गेले. तेथे कित्येक वर्षांपूर्वीची तारीख होती. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते. संगणकाच्या घड्याळानुसार ती मुदत अद्याप सुरूच झालेली नसेल, तर ब्राउझर ते संकेतस्थळ उघडण्यास नकार देतो. तारीख दुरुस्त करताच सारे सुरळीत झाले. दुसऱ्या दिवशी मुख्य बटण चालू केले तर तारीख पुन्हा मागे! तेव्हा मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल काढून मल्टिमीटरने तपासला. तीन व्होल्टच्या त्या सेलमध्ये दोन व्होल्टही उरले नव्हते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा तो सेल संपला होता. काही रुपयांचा सीआर २०३२ सेल बसविला आणि 'इंटरनेट' दुरुस्त झाले. तक्रार जेथे दिसते, तेथेच दोष असतो असे नाही, हे वाक्य त्या मुलीने स्वतः वहीत लिहिले. मी ते सांगितले असते तर तिने ते फक्त ऐकले असते.

आठ तारांचा धडा

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्यांच्या चार जोड्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. आरजे-४५ कनेक्टरमध्ये त्या एका ठरावीक क्रमाने बसवाव्या लागतात. सर्वत्र रूढ असलेला क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरव्या जोडीच्या मधोमध का येते, हा प्रश्न मुले हमखास विचारतात.

उत्तर एका चुकीतून मिळाले. एका गटाने जोड्या 'नीटनेटक्या' ओळीने बसविल्या : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम ठेवला. टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागले. दोन मीटरच्या तुकड्यावर जाळेही चालले. तीच पद्धत वापरून कार्यालयापासून वसतिगृहापर्यंत सुमारे चाळीस मीटरची केबल टाकली, तेव्हा मात्र जोडणी कधी लागे, कधी तुटे. टेस्टर म्हणे केबल चांगली आहे. संगणक म्हणे नाही.

कारण असे की, शंभर मेगाबिटच्या जोडणीत १ आणि २ या क्रमांकांच्या तारा एक जोडी म्हणून, तर ३ आणि ६ या दुसरी जोडी म्हणून काम करतात. जोडीतील दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्या, म्हणजे बाहेरून येणारा विद्युत अडथळा दोघींवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला तो वजा होऊन जातो. मुलांच्या केबलमध्ये ३ क्रमांकावर हिरव्या जोडीतील तार होती आणि ६ वर निळ्या जोडीतील. जोडी फुटली होती. साधा टेस्टर केवळ तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते की नाही एवढेच पाहतो. ती कोणाबरोबर पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही. मुलांनी दोन्ही टोके कापून योग्य क्रमाने पुन्हा बसविली आणि वसतिगृहातील जोडणी स्थिर झाली. तो क्रम त्यांना पुन्हा पाठ करावा लागला नाही.

खालून वर जाण्याची रीत

जाळ्यातील दोष शोधताना खालच्या पायरीपासून वर जावे. प्रथम केबल खोचलेल्या ठिकाणचा दिवा पाहावा. मग संगणकाला मिळालेला आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ता वाटून देणाऱ्या राउटरपर्यंत संगणक पोहोचलेला नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे, असे समजावे. मग राउटरला 'पिंग' करावे, नंतर बाहेरच्या एखाद्या पत्त्याला आणि शेवटी संकेतस्थळाच्या नावाला. क्रमांकाला उत्तर येते पण नावाला येत नाही, तर दोष नावाचे क्रमांकात रूपांतर करणाऱ्या डीएनएस सेवेत आहे. पाच पायऱ्यांची ही रीत अंगवळणी पडलेला विद्यार्थी अनोळखी कार्यालयातही गोंधळत नाही.

यंत्रामागील माणूस

तांत्रिक साहाय्य म्हणजे केवळ यंत्राची दुरुस्ती नव्हे. तक्रार घेऊन आलेला माणूस बहुधा त्रासलेला असतो आणि 'आपल्याच हातून काही चुकले असेल' या संकोचाने अर्धेच सांगतो. म्हणून मुलांना तीन प्रश्न विचारावयास शिकविले : शेवटचे केव्हा नीट चालत होते? त्यानंतर काय बदलले? पडद्यावर नेमके कोणते शब्द दिसले? उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलावयाचे नाही. दुसऱ्याच्या संगणकातील फोटो, पत्रे, हिशेब उघडून पाहावयाचे नाहीत.

येथे माझीच एक चूक नमूद करणे उचित होईल. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका सहकारी शिक्षकांचा संगणक मंद झाला म्हणून मी तो तपासण्यास घेतला आणि प्रत न ठेवता हार्ड डिस्क फॉरमॅट केली. संगणक वेगाने चालू लागला. परंतु त्यात त्यांच्या दिवंगत आईची छायाचित्रे होती. ती परत आली नाहीत. ते मला रागावले नाहीत, ही गोष्ट मला अधिक लागली. तेव्हापासून कक्षाच्या भिंतीवर एकच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे : आधी प्रत, मग दुरुस्ती. त्यामागील घटना मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. यंत्राचा भाग बाजारात मिळतो. माणसाची माहिती मिळत नाही.

पुढील वाट आणि एक विनंती

संगणक वापरण्याचे प्रशिक्षण महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीच्या रूपाने गावोगावी पोहोचले. दुरुस्ती आणि नेटवर्कची आवड असणाऱ्यांसाठी दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम उपयुक्त आहे. शाळा, दवाखाने, पतसंस्था, ग्रामपंचायती या सर्वांना आज असा माणूस हवा असतो.

पालकांना विनंती अशी की, घरातील जुना माउस वा कीबोर्ड बंद पडला तर तो मुलांना उघडू द्यावा. मात्र चार्जर, बॅटरी आणि विजेला जोडलेली कोणतीही वस्तू त्यांच्या हाती देऊ नये.

माजी विद्यार्थ्यांना विनंती थोडी वेगळी आहे. विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक कार्यालयांतून सुस्थितीतील संगणक बाहेर पडत आहेत. त्यांवर लिनक्स बसवून ते शाळेत आणखी काही वर्षे चालू शकतात. असे संगणक मिळाल्यास आनंदच आहे. पण संगणकांबरोबर आपले दोन दिवसही द्यावेत. मुलांच्या शेजारी बसून एक केबल करावी, एक दोष शोधावा.

माउसला हात लावण्यास कचरलेला तो विद्यार्थी आज एका खाजगी कंपनीत नेटवर्कचे काम पाहतो. गेल्या दिवाळीनंतर तो येथे येऊन गेला. सहावीची मुले संगणकाभोवती उभी होती. त्याने एकाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. मुलगा माझ्याकडे पाहू लागला, तेव्हा तो म्हणाला, "उघड. भरून द्यावं लागत नाही."