घरच्या संगणकावर धंद्याचा हिशोब : काही महाग पडलेल्या चुका

आपल्या छोट्या व्यापाऱ्यांपैकी अनेकांचा हिशोब आज पेढीवर नसतो, घरच्या संगणकावर असतो. पेढीवर धूळ, माणसांची ये-जा आणि विजेचा भरवसा नाही. घरी रात्री निवांत बसता येते, शिकलेला मुलगा किंवा मुलगी नोंदी करून देते. यात गैर काही नाही. परंतु घर म्हटले की लहान मुले आली, चहा-शरबत आले, पाहुणे आले. यंत्र स्वतःहून बिघडण्याआधी आपणच त्याला बिघडवतो. मालेगावात ग्रे कापडाचा धंदा करताना सन १९९८ पासून माझ्या घरात जे झाले ते व्यापारी बंधूंसमोर ठेवत आहे. काही प्रसंगांवर आज हसू येते, एकावर अजूनही येत नाही.

पहिला संगणक मी १९९८ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणला. आठ दिवसही झाले नव्हते. माझा सात वर्षांचा भाचा पेटीच्या मागे खेळत होता. तेथे वायर लावण्याच्या जागेजवळ एक छोटे लाल बटण होते, एका बाजूला २३० आणि दुसऱ्या बाजूला ११५ लिहिलेले. त्याने ते सरकवले. मी स्विच दाबला आणि फटाक्यासारखा आवाज होऊन घरभर जळका वास पसरला. भाचा रडत म्हणाला, "मामू, मी फक्त हलवून पाहिले."

झाले असे की अमेरिकेसारख्या देशांत घरातील वीज सुमारे ११५ ते १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० ची. ते बटण ११५ वर नेले की पॉवर सप्लाय येणारा दाब आत दुप्पट करून घेतो. आपली २३० व्होल्टची वीज दुप्पट झाली की आतील कपॅसिटरवर सुमारे साडेसहाशे व्होल्टचा भार येतो, आणि ते बनलेले असतात त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांशासाठी. सुदैवाने माझा फक्त पॉवर सप्लाय गेला, बाकी यंत्र वाचले. नव्या पॉवर सप्लायमध्ये हे बटण बहुधा नसते. परंतु सुटे भाग लावलेला जुना संगणक घेतला असेल तर मागे एकदा पाहावे आणि बटण असेल तर २३० वर ठेवून वरून चिकटपट्टी लावावी.

दुसरा प्रसंग धुळीचा. संगणक घरी असला तरी आमच्या मोहल्ल्यात घराला लागूनच माग आहेत. सुताचे बारीक तंतू हवेत असतात, ते पंख्यातून आत जातात आणि प्रोसेसरवरील पंख्याखाली गादीसारखे बसतात. यंत्र तापून आपोआप बंद होऊ लागले. मला वाटले, माग साफ करायचा कॉम्प्रेसर आहेच, तोच लावू. दोन मिनिटांत आतून चकचकीत झाले. मात्र कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते आणि हवेबरोबर त्याचे व तेलाचे बारीक थेंब बाहेर येतात, हे मागावर चालते म्हणून आपण विसरतो. ओल्या पट्ट्यांवर वीज गेली आणि मेमरी जळाली. आता आम्ही यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने साफ करतो. पंखा बोटाने धरून ठेवतो म्हणजे तो गरगर फिरून खराब होत नाही.

अर्थिंगबद्दल एक शब्द. पेटीच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात अशी तक्रार अनेक घरांत ऐकली आहे. त्याचे कारण बहुधा एकच : भिंतीतील तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नाही, किंवा प्लगची जाड पिन कोणीतरी तोडली आहे. पॉवर सप्लायच्या गाळणीतून थोडा प्रवाह पत्र्यावर येतो, त्याला जमिनीत जायला वाट नसते. मग आपण महाग स्पाइक गार्ड लावला तरी त्याचे अर्धे काम होतच नाही. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, मग इतर खर्च करावा.

२६ एप्रिल १९९९ चा दिवस जुन्या लोकांना आठवत असेल. सीआयएच नावाचा व्हायरस, ज्याला लोक चेर्नोबिल म्हणू लागले, त्या तारखेला जागा झाला. विंडोज ९५ आणि ९८ च्या यंत्रांत हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग तो पुसून टाकत असे, काही यंत्रांत तर मदरबोर्डवरील बायॉससुद्धा. आमच्या यंत्रात तो कोणाकडून तरी आणलेल्या खेळाच्या सीडीतून शिरला असावा. सगळे गेले. तरी धंद्याचे एक पैशाचेही नुकसान झाले नाही. कारण त्या काळी मला संगणकावर विश्वास नव्हता. मुनीमजी उर्दूत खातेवही लिहीतच होते आणि संगणक फक्त त्याची नक्कल होता. पंधरा दिवसांत सर्व नोंदी पुन्हा चढवल्या.

पुढे विश्वास बसला, आणि तेथेच गफलत झाली. मुनीमजी वयामुळे घरी बसले, खातेवही बंद झाली. विणकरांना सूत देताना व ताके घेताना मी कार्बन लावून दोन प्रतींची चिठ्ठी करीत असे. संगणकात आहेच म्हणून दुसरी प्रतही बंद केली. एकच चिठ्ठी, ती विणकराकडे.

ऑगस्ट २०१० मध्ये रमजान सुरू होता. तरावीहनंतर मी लॅपटॉपवर मजुरीचा हिशोब करीत होतो, कारण ईदआधी सत्तेचाळीस विणकरांचे पैसे चुकते करायचे होते. बाजूला दुधाच्या शरबताचा ग्लास होता. कोपर लागले आणि अर्धा ग्लास कीबोर्डवर सांडला.

साध्या संगणकात कीबोर्ड वेगळा असतो. तो गेला तर फार मोठे नुकसान नाही. लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या खालीच मदरबोर्ड असतो. त्या क्षणी करायचे एवढेच होते : वायर काढणे, बटण दाबून धरून यंत्र बंद करणे, बॅटरी काढणे, उघडून उलटे ठेवणे आणि सकाळी जाणत्याकडे नेणे. मी काय केले? फडक्याने पुसले, मुलीचा हेअर ड्रायर लावला, अर्ध्या तासाने चालू होते का म्हणून बटण दाबले. पहाटे सहरीच्या वेळी पुन्हा दाबले. दुपारी पुन्हा. ओले सर्किट वीज नसताना बरेच वेळा वाचते. ओलाव्यात वीज सोडली की तांब्याच्या बारीक रेघा गंजतात आणि जोडायला नको त्या जागा जोडल्या जातात. त्यात दूध आणि साखर. पाणी वाळून जाते, हे वाळून चिकट थर राहतो. गरम हवेने तो आणखी आत गेला. तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर यंत्र कायमचे गेले.

तरी मी घाबरलो नाही, कारण नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती. ती मुलाच्या संगणकाला जोडली. नक्कल उघडत असताना अस्रची अजान झाली. मी घाईने उठलो, पायात वायर अडकली आणि डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. अशा डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असते आणि वाचणारे डोके तिच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतरावर तरंगते. फिरत असताना धक्का बसला तर डोके तबकडीवर आपटते. मग टक टक असा आवाज येतो. तो आवाज आला की वीज बंद करावी. मी सात-आठ वेळा लावून पाहिली, म्हणजे प्रत्येक वेळी खरवडत गेलो.

आता उरली लॅपटॉपमधील डिस्क. ती शरबतापासून वाचली होती. मी यंत्र दुरुस्तीला दिले, पण आत काय आहे आणि ते मला हवे आहे, हे सांगितलेच नाही. दुकानदाराने आपल्या समजुतीप्रमाणे ती दुसऱ्या यंत्रात लावली, त्यावर नवे विंडोज चढवले आणि संध्याकाळी मला अभिमानाने चालू करून दाखवले. पुढे डिस्कमधून माहिती काढणाऱ्याकडे गेलो तेव्हा लग्नाचे फोटो परत मिळाले, हिशोबाची फाइल उघडली नाही. दुकानदाराला मी दोष देत नाही. तोंड माझे बंद होते.

ईदला दहा दिवस राहिले होते. ज्याने मजुरी द्यायची, त्यालाच ती किती द्यायची हे ठाऊक नव्हते. मुलगा म्हणाला, "अब्बा, लोकांना सांगू नका, अंदाजाने देऊ." अंदाज कोणाच्या बाजूने चुकणार हे आम्हा दोघांनाही कळत होते. मी एकेका विणकराच्या घरी गेलो आणि सरळ विचारले, माझ्याकडे तुमचे किती निघतात. बहुतेकांनी चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. एका विधवा खालांनी बिस्किटाचा डबा उघडला. त्यात वर्षभराच्या चिठ्ठ्या तारखेने लावलेल्या. त्या म्हणाल्या, "शेठ, बकरी ईदला तुम्ही अठराशे जास्त दिले होते, ते यातून कापा." मला संगणकातही ती चूक दिसली नव्हती. एका विणकराच्या नावाची इंग्रजी स्पेलिंगे मी तीन प्रकारे लिहिली होती आणि त्याची तीन खाती झाली होती, हेही तेव्हाच उमगले. तिघा विणकरांकडे चिठ्ठ्या नव्हत्या. त्यांनी जो आकडा सांगितला तो दिला.

दुसऱ्या बाजूचा तजुर्बा वेगळा होता. माझे येणे ज्या पार्ट्यांकडे होते त्यांपैकी काहींनी बिले काढून दाखवली, काहींनी रक्कम देऊन झाली म्हणून सांगितले. माझ्याकडे दाखवायला काही नव्हते. सुमारे दोन लाख रुपये मी सोडून दिले.

आज डिस्कची जागा बऱ्याच ठिकाणी एसएसडीने घेतली आहे. त्यात फिरणारा भाग नसल्याने पडल्याचे भय कमी, पण ती बिघडताना टक टक करून सांगतही नाही, आणि पुसलेली माहिती परत मिळणे अधिक कठीण. नक्कलची डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवणे हाही धोकाच आहे, कारण फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतात. शिवाय जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब जपून ठेवावा लागतो. शरबत सांडले हे कारण तेथे चालत नाही.

आमच्या घरी आता शुक्रवारी, माग बंद असतात तेव्हा, नक्कल घेतली जाते. दोन डिस्क आहेत. एक कपाटात, दुसरी नाशिकला बहिणीकडे, आणि कोणी जाणारे-येणारे असले की त्यांची अदलाबदल होते. मुलगा एक प्रत इंटरनेटवरही ठेवतो. महिनाअखेरीस प्रत्येक खात्याची बाकी कागदावर छापून फाइलला लावली जाते. चिठ्ठीबुकात कार्बन पुन्हा आला आहे. संगणकाच्या टेबलावर ग्लास ठेवायचा नाही, तो खाली स्टुलावर. तीन महिन्यांतून एकदा नक्कल दुसऱ्याच यंत्रावर उघडून चार खात्यांची बाकी छापील कागदाशी जुळवून पाहतो. मागच्या खेपेला नाशिकची डिस्क यंत्राने ओळखलीच नाही. ती बाजूला काढली आणि त्याच संध्याकाळी नवी आणली.